तात्यांची टाच

दवाखाना बंद केला, पण किस्से काही पिच्छा सोडत नाहीत. नारायणगावात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी आयुष्यभर लोकांची कातडी तपासली. आता चार मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "तात्यांचं सांग ना!"

*

पिंपरी पेंढारचे नामदेवतात्या आले ते बायकोची खाज दाखवायला. मी हौसाबाईंना तपासत होते, हे बाकावर मांडी घालून निवांत. टाचेवर काळा डाग! विचारलं तर म्हणाले, "काटा मोडला व्हता. बिब्बा लावतोय की!"

"अहो, डाग वाढतोय हे दिसलं नाही?"

"तळपाय कोण वर करून बघतंय, म्याडम?"

*

त्वचेचा कॅन्सर निघाला, जांघेतही गाठ. पुण्यात टाचेचं ऑपरेशन झालं, पण जांघेतली गाठ पूर्ण काढता आली नाही. मग मी जनुकाची टेस्ट समजावली. गाठीतल्या पेशींत ठरावीक बदल सापडला, तर गोळ्या लागू पडतात. तात्या खूश! "म्हंजी रोग वळखल्याबिगर टोमॅटोवर फवारा मारायचा न्हाई. आमी त्येच करतो, राव!" माझं अर्धं लेक्चर वाचलं.

*

दुसऱ्या दिवशी जीप भरून त्यांचे सगळे भाऊ हजर. जनुक म्हणजे भावकीचा मामला, असा त्यांचा समज! बाकावर टाचांची रांग. "अहो, हा बदल गाठीत झालाय, घराण्यात नाही!" ऐकतात कुठे? सगळ्या टाचा तपासल्या. भेगांशिवाय काही नाही. आमच्या कल्पना सिस्टरनं बडबडत सगळ्यांना मलम दिलं.

*

रिपोर्ट आला, बदल सापडला. हौसाबाईंनी दवाखानाभर पेढे वाटले! कॅन्सरच्या रिपोर्टचे पेढे मी तेवढेच खाल्ले.

"गोळी किती दिवस चालेल, ते नाही हो सांगता येत," मी म्हटलं.

"चालंल तवर ग्वाड मानू," त्या म्हणाल्या.

*

गोळी चालली. गाठ विरघळली, तात्या पुन्हा द्राक्षबागेत जाऊ लागले, येताना घड आणायचे. ते दिवस अजून आठवतात. मग गाठ परत आली, तिच्या पेशींत नवा बदल झाला आणि गोळी लागू पडेना. उलट तात्याच माझी समजूत घालू लागले, "औषधाला कीड सरावती, म्याडम. तुमचं औषध ब्येस व्हतं." ते गेल्यावर मी कल्पनासमोर रडले.

*

दशक्रियेला मी नदीवर गेले. आमच्याकडे दशक्रियेत पुढाऱ्यांची भाषणं ठरलेली. एक संपलं, दुसरा उठणार, तोच हौसाबाईंनी माईक घेतला.

"भाषणं ऱ्हाऊ द्या. चपला काढा आन् शेजाऱ्याचे तळपाय बघा. समद्यांनी!"

मग पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्यानं बूट काढला, मोजा काढला आणि शेजारी बसलेल्या विरोधकाच्या मांडीवर पाय ठेवला.

"बघा भाऊ, काय दिसतंय का!"