राखेतली पावलं

परवा माझ्या लेकीनं एक जपानी गोष्ट वाचून दाखवली. मेलेलं मूल घरात वावरतं, राखेत त्याची पावलं दिसतात. ऐकताना मला लहानपणीचं, आमच्या तलवाडा गावातलं शेजारच्या गोदाकाकूचं घर आठवलं.

काकूची लहानगी लेक मंदी विहिरीत बुडून गेली होती. एका सकाळी मी विस्तव मागायला गेले, तर चुलीपुढच्या राखेत इवलीशी ओली पावलं होती. मी किंचाळले.

"भिऊ नको गं, आपली मंदीच हाय," काकू हसली. "रोज येती."

काकांनी मांत्रिक आणून उंबऱ्यात खिळे ठोकले. पावलं थांबली. काकूनं सांडशीनं खिळे उपटले, "ये गं मंदे" म्हणत दार उघडं ठेवलं. कुणीच आलं नाही.

भूत गेलं म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं. आज कळतं, काकूची लेक दुसऱ्यांदा मेली होती.