अस्मानी की गुलाबी: एका साडीच्या रंगासाठी अर्जुनी ते सालेकसा

माझी नात मोना नागपूरला कॉलेजात शिकते. तिचा एका संध्याकाळी फोन आला. "आजी, तुझा तो तंबूतला पिक्चर गोंदियात लागला आहे. आता रंगीत करून लावला आहे म्हणे." मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच खाली ठेवलं आणि उठून कपड्यांची पेटी उघडली. कुठे उतरायचं, कसं जायचं ते नंतर. काय नेसायचं ते आधी. माझं डोकं असंच चालतं.

हा ब्लॉगही मोनानेच उघडून दिला. मी चौथी शिकलेली, फोनवर एका बोटाने लिहिते, आणि ती माझ्या काना-मात्रा सरळ करते. पण "आजी, हे कापू का?" असं विचारलं की मी नाही म्हणते. एकटीच्या घरात दिवसभर बोलायला कोण असतं? इथे तरी बोलू द्या.

पिक्चरचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच फोनवर बघाल, आणि मग माझी सगळी गोष्ट बसली.

तर गोष्ट अशी. माझं लग्न व्हायच्या आधी, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, आमच्या गावी तंबूतला सिनेमा यायचा. मी आणि कौसल्या, माझी मैत्रीण, जमिनीवर पोतं टाकून सर्वांत पुढे बसायचो. त्या पिक्चरमध्ये हिरोईन नावेत बसून गाणं म्हणते. अंगावर झुळझुळीत साडी, बोटीसारखा गळा असलेला ब्लाऊज, मागे गाठ, कानात मोठे मोती, डोळ्यांना काजळाची शेपटी. बाप्पा! आम्ही दोघी दिवसभर चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या पोरी. आम्ही श्वास घ्यायचं विसरलो.

तंबूतून बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अशीच अस्मानी साडी घेईन मी."

कौसल्या म्हणाली, "अस्मानी? आंधळी आहेस का वं? गुलाबी होती ते."

पिक्चर होता काळा-पांढरा. पण दोघींनीही रंग आपापल्या डोळ्यांनी पाहिला होता, शप्पत. तेव्हापासून भांडण. रोवणीच्या पैशातून मी अस्मानी घेतली, तिने गुलाबी. पैज लागली की जी हरेल तिने दुसरीच्या रंगाची साडी नेसायची. पण ठरवणार कोण? मग तिचं लग्न सालेकशाकडे झालं, माझं अर्जुनीला. लेकरं झाली, नातवंडं झाली, माझे मालक गेले, तिचे गेले. कोणाच्या लग्नात भेट झाली की नमस्काराच्या आधी ती म्हणायची, "गुलाबी." मी म्हणायची, "अस्मानी." आणि आता कोणीतरी मुंबईत बसून तो पिक्चर रंगवला होता. निकाल लागणार होता!

मी कौसल्याच्या घरी फोन लावला. सुनेने, सुनीताने उचलला. ठरलं असं की ती सासूला सकाळच्या गाडीत बसवून देईल, मी गोंदियाच्या फलाटावर थांबेन, दोघी मिळून दुपारचा खेळ बघू. मागून कौसल्याचा आवाज आला, "तिले सांग, गुलाबी नेसून ये!"

आता कमी पैशात हिरोईन कसं व्हायचं ते लिहिते, पोरींना उपयोगी पडेल. आठवडी बाजारात अस्मानी जॉर्जेट मिळालं, स्वस्त, कारण एका टोकाला डाग होता. डागाचं टोक आत खोचलं की संपलं. ब्लाऊजला जुन्या साटीनच्या परकराचं कापड. बोटीसारखा गळा हाताने कापला, दोन्ही खांदे सारखे आले नाहीत, पण पदर कशासाठी असतो? अंबाडा उंच दिसावा म्हणून मोनाचा जुना मोजा गुंडाळून केसांत घातला. काजळ घरचं, शेपटी काडेपेटीच्या काडीने ओढली. मोती प्लास्टिकचे. लिपस्टिक मोना सुट्टीत विसरून गेली होती, तळाशी उरलेली, काडीने कोरून लावली. आणि काळा चष्मा! तो मात्र नवा घेतला, बसस्टँडसमोरच्या गाडीवरून. माझ्या वयाची बाई स्वतःसाठी काळा चष्मा घेते म्हणून विकणारा माझ्याकडे दोनदा बघत होता. बघ बाबा, फुकट आहे.

अर्जुनीहून गोंदियाला पॅसेंजर बरी. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी कमी आणि खिडकीतून धान दिसतं. त्या दिवसांत कापणी चालू होती, बांध्यांमध्ये पेंढ्या पडलेल्या, गाडीत धानाचा वास. सौंदडला बायकांचा एक घोळका चढला. त्यातली एक माझ्यासमोर बसली, मला चष्म्यापासून चपलेपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नाटकात काम करता का?"

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी नाटकं असतात, आणि नाटक कंपन्या सगळ्या वडशाला. मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, "मंग उलट्या गाडीत काऊन बसल्या? वडसा त तिकडे रायते!"

"पिक्चर पाहाले जाऊन राहिली," मी म्हणाले.

"एकटीच?"

"मैत्रीण आहे ना. येऊन राहिली ते सालेकशाहून."

हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. एकटीच का हा प्रश्न मला फार लोक विचारतात, आणि त्या दिवशी उत्तर होतं माझ्याजवळ. हिरडामाळी येईपर्यंत त्या बायकांनी माझा अंबाडा दाबून पाहिला, आतला मोजा सापडला, आणि सगळा डबा हसला. मीही हसले.

गोंदियाच्या फलाटावर मी सालेकशाकडच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. गाडी आली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या, बकरी उतरली. कौसल्या नाही उतरली. वाटलं दुसऱ्या टोकाला असेल, तिकडे गेले. वाटलं झोप लागली असेल, खिडक्यांतून डोकावले. गाडी सुटली. मग फोन लावला.

सुनीता म्हणाली, "मावशी, आई नाही निघाल्या. सकाळपासून म्हणून राहिल्या, मी नाही जात. शेवंताले म्हण, तू पाहून ये अन् मले सांग."

मला असा राग आला! एवढी वर्षं भांडलीस आणि निकालाच्या दिवशी घरी बसलीस? हरायची भीती वाटली का? स्टेशनबाहेर आलुगोंडा, म्हणजे तुमचा बटाटेवडा, घेतला, तोही पुरा खाल्ला नाही. लिपस्टिक गेली असती हे एक कारण. दुसरं तुम्ही समजा.

टॉकीज जुनं आहे, बाजाराच्या गर्दीत, स्टेशनवरून चालत जाता येतं, रिक्षाला पैसे देऊ नका. मी बालकनी मागितली. जन्मात एकदा बालकनीत बसायचं होतं, आणि दोघींचे पैसे मी वेगळे बांधून आणले होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "अम्मा, बालकनी बंद है. नीचे बैठो, जहाँ मर्जी वहाँ बैठो. पूरा हॉल आपका है."

खरंच, मोजकीच माणसं होती, त्यातली दोन झोपायला आलेली. मी सगळ्यांत पुढे जाऊन बसले, तंबूत बसायचो तशी. बाजूच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मग ती उचलून मांडीवर घेतली. का ते मलाच माहीत नाही.

पिक्चर सुरू झाला. झाडं हिरवी, हिरोचा कोट भुरा, सगळ्यांच्या गालांना रंग जरा जास्तच. मी काही बघत नव्हते, नावेची वाट बघत होते. इंटरवलनंतर नाव आली. पाणी आलं. पदर आला.

अस्मानी!

मी उठून उभी राहिले. "अस्मानी! पाह्य वं कौसल्या, अस्मानी!" असं ओरडलेच. मागून आवाज आला, "अरे अम्मा, बैठ जाओ!" मी बसले. बाजूला वळून बघितलं, हसायला, चिडवायला, तिच्या मांडीवर थाप मारायला. लाकडी खुर्ची, तिची बसायची फळी वर उचललेली. पडद्यावर ती गात होती, अंगावर हुबेहूब माझी साडी, आणि मला गाणं संपेपर्यंत धड दिसलं नाही. काजळाची शेपटी गालावर आली. जिंकले होते मी. पण जिंकून सांगू कोणाला?

परतीच्या गाडीऐवजी सालेकशाची गाडी धरली. आमगावनंतर डबा रिकामा होतो आणि जंगल जवळ येतं. उतरून तोंड पुसलं, शेपटी पुन्हा ओढली, चष्मा लावला. तिच्या दारात हिरोईनसारखीच उभी राहणार होते मी.

कौसल्या अंगणात खाटेवर बसली होती. संध्याकाळ व्हायची होती अजून, चांगला उजेड होता. मी तिच्या समोर, हातभर अंतरावर, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "कोण आहे?"

मला वाटलं नाटक करते. मग तिचे डोळे बघितले.

सुनीता आतून आली, हळू आवाजात म्हणाली, "काचबिंदू आहे, मावशी. पावसाळ्यापासून काहीच नाही दिसत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणत होत्या, म्हणून फोनवर मी हो म्हटलं."

मोजा घातलेला अंबाडा, काडीने ओढलेलं काजळ, अस्मानी जॉर्जेट, सगळं घेऊन मी तिथे उभी.

"शेवंता आहे का?" कौसल्या म्हणाली. "पावडरचा वास येऊन राहिला."

मी तिच्याजवळ बसले. तिने हात फिरवून सगळी तपासणी केली. आधी डोकं. "हे काय वं, चिमणीचं घरटं ठेवलं का डोक्यात?" मग गळा. "एक खांदा खाली आहे. तुले कधी कापताच नाही आलं." मग ब्लाऊजची मागची गाठ, ती दोनदा हातात धरून बघितली आणि सोडली.

"पाहला का पिक्चर?"

"पाहला."

"मंग? सांग ना."

मी विचार केला होता गाडीत, ओरडून सांगीन म्हणून. आता वाटलं, गुलाबी म्हणून टाकावं. पण तिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही आणि ती लगेच पकडते. म्हणाले, "अस्मानी निघाली वं."

ती अशी उसळली म्हणता! "रंगवणाऱ्याले काय माहीत? तो होता का तंबूत? आपण होतो! त्याच्या डब्यात अस्मानी उरला असंन त लावला त्यानं! काल-परवाचा पोट्टा तो, मले रंग सांगते का?"

"अवं, अख्ख्या पडद्यावर अस्मानी होती!"

"तुह्या पडद्यावर! माह्या डोळ्यांत गुलाबी आहे. आता तेवढाच एक रंग राहिला आहे माह्याजवळ, तोही नेतेस का?"

जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि टमाट्यातले झिंगे होते. आम्ही जेवताना भांडलो, हात धुताना भांडलो. तिची गुलाबी साडी कधीच गेली. तिची गोधडी झाली, गोधडीचे लंगोट झाले. मी म्हणाले, पैज हरलीस, आता अस्मानी नेस. ती म्हणाली, नेसव, मी कुठे भिऊन राहिली?

सकाळी मी तिला माझी जॉर्जेट नेसवली. डागाचं टोक आत खोचलं. मोती घातले, काळा चष्मा लावला. खरं सांगते, तिच्यावर जास्त शोभलं सगळं. ती ताठ बसली, पदर हाताने नीट केला आणि म्हणाली, "कशी दिसते वं गुलाबी माह्यावर?"

मी म्हणाले, "साजरी दिसते."

परत मी तिच्या जुन्या सुती साडीत आले. बसस्टँडवर सुनीता तिला घेऊन आली होती. बस सुटली तेव्हा ती चष्मा लावून हात हलवत होती, बसच्या नाही, एका ट्रकच्या दिशेने. मी खिडकीतून ओरडले, "इकडे वं!" तिने मान वळवली, पण तोवर बस फिरली होती.

तुम्ही जाणार असाल तर ही वाट धरू नका, ट्रेनने परत या. आमगावला बदला, देवरीला बदला, कोहमाऱ्याला तासभर उभं राहा. मला आल्या वाटेने जायचं मन नव्हतं, एवढंच. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा मात्र कडक मिळतो. तिथे कोणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. सुती साडीतली म्हातारी कोण बघतो? पुढे नवेगाव बांधचा रस्ता जंगलातला, तिथे डोळा लागला.

घरी सूप निघताना जसं ठेवलं होतं तसंच होतं. मोना फोनवर विचारत होती, आजी, खर्च वसूल झाला का? काय सांगू तिला? माझ्याजवळ आता जॉर्जेट नाही, मोती नाहीत, चष्मा नाही. निकाल आहे, आणि ज्यांच्यासाठी तो हवा होता त्या दोघींपैकी एक तो मानत नाही. म्हणून मला जरा बरं वाटतं. मानला असता तर पुढच्या भेटीत बोललो काय असतो?

दुसऱ्या दिवशी कौसल्याची साडी धुऊन दोरीवर टाकली. धुऊन धुऊन तिचा रंग असा उडालेला की सांगता येत नाही काय होता ते. काढायला गेले तेव्हा अंधारून आलं होतं. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काकू, नवीन साडी का? कोणता रंग आहे?"

मी कंबर कसली. म्हणाले, "तुले कोणता दिसते?"

"असंन काही बी," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

मी साडी हातात धरून दोरीजवळ उभी होते. आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाले, "गुलाबी."

मग मीच म्हणाले, "आंधळी आहेस का वं? अस्मानी."