बंद कारखान्याची वीज

सिग्नलला स्कूटर बंद करताना मला हटकून एक बाई आठवते. पिंपळगावहून नाशिकला येणाऱ्या खासगी मिनीबसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. द्राक्षं भरायची खोकी बनवणारा तिचा छोटा कारखाना होता. रविवार, कारखान्याला कुलूप, तरी मोबाइलवर तिथल्या वीजवापराची रेघ उड्या मारत होती. ती मोबाइलच्या काचेवर नखाने टकटक करत होती, जणू आतल्या चोराला बाहेर बोलावतेय.

"काम बंद, मग वीज खातंय कोण?" तिने अख्ख्या बसला विचारलं. "परदेशी गिऱ्हाईक एका खोक्यामागं किती वीज गेली, त्या विजेपायी किती धूर झाला ते विचारतंय. जास्त दिसला तर ऑर्डर गेली!"

मग काय! कुणी म्हणालं पंखा, कुणी म्हणालं भूत. तिने नवऱ्याला फोन करून कारखान्यात पिटाळलं.

"अहो, कॉम्प्रेसर बघा, हवा फुसफुसतीय का!"

नळीला भोक होतं. हवा निसटत होती आणि कॉम्प्रेसर ती पुन्हा पुन्हा भरत होता. नवऱ्याने बटण बंद करताच रेघ आडवी झाली. बसभर टाळ्या! मी तर आनंदाने पत्र्यावर दणकन थाप मारली. कुणाला तरी उतरायचंय असं समजून ड्रायव्हरने बस थांबवली.

"थांबलाच आहात तर इंजिन बंद करा ना भाऊ," ती म्हणाली. "उगी कशाला धूर?"

त्याने मुकाट्याने बंद केलं. ते पुन्हा चालूच होईना.

शेवटी आम्ही सगळे खिदळत बस ढकलू लागलो. मधोमध ती, पदर खोचून.

"आता बघा," ती धापा टाकत ओरडली, "धूर शून्य!"