तांबेबाईंच्या नजरेचा हेवा

तांबेबाईंच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मीच का?" म्हणाले, "तुम्ही सर्वांत जवळच्या ना!" जवळच्या कसल्या! मुलुंडच्या प्रयोगशाळेत आमच्या खुर्च्या शेजारी, एवढंच. सुवर्णपदक माझं, आणि अंधेरी-बोरिवलीचे डॉक्टर रक्ताच्या नमुन्यासोबत लिहिणार, "तांबेबाईंनीच बघावं." जळफळाट होईल नाही तर काय!

पहिली भेट लख्ख आठवते. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटलं की रक्तात स्वप्रतिपिंडं तयार होतात. उंदराच्या मूत्रपिंड, यकृत आणि जठराच्या पातळ चकत्यांवर रुग्णाचं सीरम घातलं की ती आपापलं लक्ष्य धरून बसतात. मग चमकणारं रसायन लावायचं आणि कुठे हिरवं दिसतं ते बघायचं. मूत्रपिंड हिरवं दिसलं, मी "मायटोकाँड्रिया" म्हणून मोकळी झाले. मागून मालवणी हेल आला, "जठर बघितलंस काय गो?" ओळख ना देख! जठर काळंकुट्ट होतं. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींची ऊर्जाघरं, जठरातही खच्चून असतात; ती लक्ष्य असती तर जठरही चमकलं असतं. बाई बरोबर होत्या, आणि तेच मला खुपलं.

नंतर कित्येक वर्षं मी त्यांना एक शब्द विचारला नाही. मग माझ्या शाळकरी सायलीची कावीळ हटेना. घरच्यांची स्लाइड आपण बघायची नाही, असा आमच्याकडे शिरस्ता. दुसऱ्या सहकाऱ्यांनी वाचलं, "मायटोकाँड्रिया." एवढ्याशा मुलीत? मला पटेना. मायटोकाँड्रियावाला आजार मोठ्या बायकांचा, पोरांत होतो तो वेगळा, आणि दोन्हींची औषधंही वेगळी. चुकलं तर पोरीच्या यकृताची वाट लागणार. तांबेबाई घाटकोपरला भाच्याच्या हळदीत होत्या. मी मुकाट्याने फोन लावला. "आलेच," एवढंच म्हणाल्या.

गालांवरची हळद न पुसता त्या सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या. एकेक चकती फिरवून फिरवून बघितली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, "जठर काळं आहे गो. यकृत आणि मूत्रपिंड चमकतंय. हे मायक्रोसोमवालं, पोरांत होतं ते. रडतेस काय? औषध आहे याला. चहा सांग आधी."

योग्य गोळ्या सुरू झाल्या, सायली सावरली. आता ती वैद्यकीय महाविद्यालयात आहे. परवा जेवताना म्हणाली, "आई, मला तांबेमावशींसारखं व्हायचंय ना!" घ्या! आई त्याच खोलीत बसते, ते कार्टीला दिसत नाही.

तर तांबेबाई, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो, डोळे असेच शाबूत राहोत. सायलीला हाताशी घ्या, सगळं शिकवा. पण खुर्ची इतक्यात सोडू नका हं. उद्या तिथे माझीच लेक बसली, तर मी जळायचं कुणावर?