मशीनच्या खोलीतला वाळ्याचा कूलर

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि आता ते ऐकायला राहिलेले नाहीत. बहिणीपाशी तर नाहीच, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आज सकाळी एक म्हातारा माणूस माझ्याकडे मिरचीची थैली ठेवून गेला, आणि तेव्हापासून ती थैली स्वयंपाकघराच्या दारात तशीच पडली आहे. ती उघडावी की नाही, हेच मला ठरवता येत नाही. इतकी साधी गोष्ट, नाही का?

त्या माणसाचं नाव लांजेवार. मूळ भिवापूरचा. वयाने माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे तोंडावर मी त्याला कायम 'लांजेवारभाऊ' म्हणत आले. पण इथे मला त्याला अरेतुरे करू द्या. एवढी तरी मोकळीक घेऊ द्या मला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सिव्हिल लाइन्सला एक मोठं कार्यालय होतं, नाव सांगत नाही. तिथे कॉम्प्युटर आला होता. आजच्यासारखा टेबलावर मावणारा नव्हे, त्याला लग्नाच्या हॉलएवढी खोली लागायची. आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचो. मशीनला एसी, काचेचं दार, चपला बाहेर काढायच्या. आणि बाजूच्या हॉलमध्ये आम्ही पंचिंगच्या मुली. आम्हाला एक मोठा कूलर आणि घरघरणारे पंखे. जाड कागदाच्या लांबट कार्डांवर भोकं पाडायची, त्यांचे गठ्ठे करायचे, आणि ते गठ्ठे काचेच्या दाराआड जायचे. तिथे कार्ड वाचणारं एक यंत्र होतं, रीडर. तो खडखडखडखड करत गठ्ठा गिळायचा, आणि मग मशीनला कळायचं काय करायचं ते.

त्या दाराआड जाणारी पंचिंगमधली पहिली मुलगी मी. परीक्षा दिली, पास झाले, ऑपरेटर झाले. जरीपटक्याहून सायकल मारत यायची मी. त्या दारातून आत शिरताना, थंड हवेचा पहिला झोत अंगावर आला की वाटायचं — आता जगात मला कुणाच्या बापाचं भय नाही. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. माझ्या आयुष्यात मला माझी म्हणून मिळालेली तेवढी एकच जागा होती.

लांजेवार तिथला सीनियर ऑपरेटर होता. थेट आत भरती झालेला, पंचिंगचा हॉल त्याने कधी बघितला नव्हता. वाईट माणूस होता का? नाही, तसं नाही म्हणता येणार. मशीनवर त्याचा जीव होता. सकाळी आल्यावर तो मशीनच्या कपाटावरून हात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

एका उन्हाळ्यात मशीन बंद पडायला लागलं. मध्येच, काही कारण नसताना. दिवे लागलेले, रीडरची चाकं थांबलेली. मुंबईहून इंजिनीअर आले, कपाटं उघडून तारा तपासल्या, गेले. पुन्हा बंद. साहेब सगळ्यांवर खेकसायचे. कारण मला सापडलं, आणि तेही कसं — माझ्याच साडीत. गांधीबागेतून घेतलेली नायलॉनची साडी होती, तेव्हाची फॅशन. त्या कोरड्या हवेत चालताना ती अंगाला चिकटायची, चर्रर्र करायची. एके दुपारी मी कपाटाच्या कडीला हात लावला, बोटातून बारीकशी ठिणगी उडाली, आणि मशीन गपगार. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा गपगार!

आनंदाने वेडी झाले होते मी. धावत लांजेवारकडे गेले. सगळं सांगितलं — कारणही आणि उपायही. सुती कपडे घालायचे. मशीनला हात लावण्याआधी भिंतीवरच्या लोखंडी पाइपला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज तिथे उतरते. बस्स. तो ऐकत होता, मान हलवत होता. "वा वं सुमन, डोकं हाय तुले," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं. मी तिथेच उभी होते. कारण शोधलं त्याने — असं तो म्हणाला. आणि उपाय? "बायांच्या साड्यानं होऊन राहिलं, सायेब. बायाच नको आत."

एवढंच. सुती कपड्यांचं नाही, पाइपचं नाही. बायाच नको.

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला सुपरवायझर केलं, आणि मला पुन्हा पंचिंगच्या हॉलमध्ये धाडलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण नाग फक्त तोच नव्हता ना. त्या दिवसापासून मी डूख धरला. घरी जेवताना, झोपताना, सायकलचं पायडल मारताना — डोक्यात एकच. तुम्ही कधी कुणावर असा दात धरला आहे का? मग तुम्हाला ठाऊक असेल, त्यात दुःख कमी असतं आणि सोबत जास्त. तो राग मला सोबतीला होता.

हॉलमधून काच दिसायची. काचेपलीकडे तो दिसायचा. मी हसून मान हलवायची. गोगलगाय आणि पोटात पाय.

आणि गंमत बघा — मशीन बंद पडायचं थांबलं नाही. थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. कसं थांबणार? लांजेवार टेरिलिनची पँट घालायचा, म्हणजे माझ्या नायलॉनसारखाच कृत्रिम धागा. सुपरवायझर झाल्यावर तर रोज. साहेबांसारखी, इस्त्रीची. मी काचेतून बघत बसायची — तो खुर्चीवरून उठला, पँट खुर्चीला घासली, कपाटाला हात लावला, आणि मशीन ठप्प. तो गोंधळून इकडेतिकडे बघायचा. अहाहा! इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नाही.

पुढच्या वर्षीचा नवतपा सुरू झाला, मे अखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. नागपुरात त्या दिवसांत हवेत थेंबभर ओल राहत नाही, ओठ फुटतात. मशीन दिवसातून कैकदा थांबायला लागलं, आणि आता साहेब लांजेवारवर खेकसायला लागले. बाया तर काढल्या, आता काय? एका दुपारी तो हॉलमध्ये आला. माझ्या टेबलापाशी उभा राहिला. बोलायला जड जात होतं त्याला.

"काहून होऊन राहिलं वं हे, सुमन? मले तं काही समजून नाही राहिलं."

मी त्याच्या पँटकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. 'पँट बदला, भाऊ.' एवढं म्हटलं असतं तर? पण ती अक्कलसुद्धा त्याने साहेबांपाशी स्वतःची म्हणून नेली असती. नेली असती की नाही? आणि तेव्हा मला सुचलं. त्याला माझी अक्कल चोरायची सवय होती ना? मग चोरण्याजोगं काहीतरी देऊच त्याला.

मी म्हणाले, "हवा कोरडी आहे, भाऊ. म्हणून ठिणगी उडते. आत कूलर लावा. वाळ्याची ताटी लावून, चांगली भिजवून. हवा ओली झाली की ठिणगी मरते."

ते खोटं नव्हतं. हे ध्यानात घ्या. हवा ओली झाली की ठिणगी मरतेच. शब्द न् शब्द खरा होता. आणि नागपुरातल्या माणसाला उन्हाळ्यात कूलर लावा म्हटलं तर तो दुसऱ्यांदा विचार करतो का? आमचं अर्धं आयुष्य कूलरपुढे गेलेलं.

पण कार्डं! कागदाचीच ना ती? पंचिंगच्या हॉलमध्ये आलेली नवी पोरगीही पहिल्याच उन्हाळ्यात शिकायची — कार्डं कूलरच्या हवेत ठेवायची नाहीत. ओल धरली की ती फुगतात, वाकतात, आणि मग रीडर ती गिळत नाही, चावतो. आमचा कूलर होता मोठा, पण कार्डांची कपाटं हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, बंद. लांजेवार हे कुठून शिकणार? तो हॉलमध्ये कधी बसलाच नव्हता. आणि त्याच्या खोलीत मूळ प्रोग्रॅमचे सगळे गठ्ठे उघड्या मांडण्यांवर होते, जादा प्रतीसुद्धा तिथेच. खोली थंड म्हणून.

शनिवारी कूलर आला. साहेबांना त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ही माझी कल्पना. आम्ही काचेतून बघत होतो. वाळ्याचा वास हॉलपर्यंत आला. कुसुम, माझ्या शेजारी बसायची ती, म्हणाली, "बाप्पा, मशीनची मजा हाय!" मी हसले. कूलर शनिवारी सुरू राहिला, रविवारच्या सुट्टीतही सुरू राहिला, नळीतून पाणी येतच होतं. रविवारी मी घरी शेवया केल्या. लोकांना वाटलं काही सण आहे.

सोमवारी सकाळी रीडरने पहिला गठ्ठा घेतला, आणि तो आवाज आला. नेहमीची खडखड नव्हे — चरकात ऊस अडकावा तसा. मग शांतता. मग पुन्हा. काचेपलीकडे माणसं पळायला लागली. लांजेवार गुडघ्यावर बसून रीडरच्या तोंडातून कार्डांच्या चिंध्या ओढत होता. हॉलमधल्या सगळ्या मुली उठून काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मी उठले नाही. माझी बोटं की-बोर्डवरून थांबलीसुद्धा नाहीत. मी मान खाली घालून भोकं पाडत होते, आणि मनात म्हणत होते — ओढ. ओढ अजून.

सूड उगवला की मन शांत होतं म्हणतात. कोण म्हणतं? माझं तर आणखी मागत होतं.

ते मिळालं, पण त्यातला वाटा आधी माझ्याच मैत्रिणींच्या पदरात पडला. फुगलेला प्रत्येक गठ्ठा पुन्हा पंच करायचा होता. भर उन्हाळ्यात, सुट्ट्या रद्द करून. कुसुमच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. विभागभरातल्या माणसांचे पगार लांबले. मुली लांजेवारला शिव्या घालायच्या, आणि मीही त्यांच्यात बसून घालायची. सगळ्यांत मोठ्याने मीच.

मग चौकशी झाली. साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसून होते. माझं खोटं तयार होतं. त्याने माझं नाव घेतलं तर म्हणणार होते, 'मी? मी तर पंचिंगची बाई, मला मशीनमधलं काय कळतं?' त्याचंच 'बायाच नको' त्याच्या तोंडावर मारणार होते. पाठ केलं होतं मी ते.

तो बाहेर आला. चेहरा पडलेला. माझ्यापुढे थांबला, आणि हळू आवाजात बोलला. त्याचं ते बोलणं मला आजही शब्दशः आठवतं.

"तुयं नाव नाही घेतलं मी सायबापाशी. तू तं भल्यासाठीच सांगतलं होतं. मांगं तुया डोक्याचं मी माया नावावर खपवलं. ते लागून राहिलं होतं मले. आता शिव्या तरी मलेच खाऊ दे."

ऐकलंत? त्याला लागून राहिलं होतं. मी जे वर्षभर चावून चावून जिवंत ठेवलं, ते त्यालाही टोचत होतं. आणि त्याने आपल्या परीने त्यावर काहीतरी केलं.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं केलं, भाऊ."

त्याला गडचिरोलीकडच्या एका तालुक्याला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. कपाटं होती तिथे, फायलींची. मशीनला त्याचा हात पुन्हा कधी लागला नाही. नोकरी संपेपर्यंत तो तिथेच होता. तो गेला त्याच आठवड्यात मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं — सुती कपडे, आणि हात लावायच्या आधी लोखंडी पाइप. तोच उपाय, जो पहिल्या दिवशी सांगितला होता. साहेब म्हणाले, हे आधी का नाही सुचलं कुणाला? बायांना पुन्हा आत घेतलं. पुढे लांजेवारची खुर्ची मला मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत मी ती सोडली नाही. मशीनं बदलली, कार्डं गेली, टेपा आल्या, त्याही गेल्या. खुर्ची माझीच.

आणि दर वर्षी भिवापूरहून मिरची येते. त्याच्या शेतातली. कधी एसटीतून, कधी कुणाच्या हाती. मी ती कुटते, तिखट करते, वर्षभर खाते. चांगली असते.

आज थैली घेऊन तो स्वतः आला होता. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आलाय. काठी टेकत जिना चढला. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला, मग कप खाली ठेवला. आणि मग, इतक्या वर्षांनी, त्याने विचारलं.

"कार्डं फुगतेत हे तुले तवा मालूम असतं, तं तू मले थांबवलंच असतं ना वं सुमन?"

तो माझ्याकडे बघत होता. एका डोळ्यावर मोतीबिंदू, दुसरा पाण्याने भरलेला. उत्तर मागत नव्हता तो, ते त्याच्यापाशी होतंच. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं त्याला.

"हो, भाऊ," मी म्हणाले. "थांबवलंच असतं."

माझा आवाज जराही हलला नाही. तो समाधानाने उठला, दारात चपला शोधायला लागला, मी त्या त्याच्या पायांपुढे सरकवून दिल्या. तो जिना उतरेपर्यंत मी वर उभी होते. आणि तेव्हा मला काय वाटलं, ते सांगायलाच तर बसले आहे.

गोड वाटलं. अजूनही.