वहिनींना सांगितलेली वेळ

समोरच्या क्वार्टरमधला सहा वर्षांचा मुलगा हरवला, त्या दिवशी मी त्याला कुठेही पाहिलं नव्हतं. हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

संध्याकाळी पोलाद कारखान्याची जनरल शिफ्ट सुटली आणि सायकलींच्या लोंढ्यातून मी रिसालीच्या वसाहतीत घरी आलो. चहाला बसतो तोच समोरच्या वहिनी दारात. पायात चप्पल नव्हती.

"भाऊजी, आमचा पोरगा दिसला का जी तुमाले? चारला खेळाले गेला, अजून नाही आला."

त्यांच्या मागे गल्लीतल्या बाया उभ्या होत्या. सगळ्यांनी 'नाही' म्हणून झालं होतं. मला वहिनींचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "दिसला ना. आत्ता येता येता, बाजाराजवळ. खेळून राहिला होता. येईल."

त्यांनी श्वास सोडला. मुलं उशिरा का होईना, येतातच. तोपर्यंत बाईला धीर मिळेल, एवढाच माझा विचार होता.

तो आला नाही.

अंधार पडल्यावर मी वहिनींच्या यजमानांबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. ते रोलिंग मिलमध्ये होते. मी त्यांना दादा म्हणत असे. तिथे तरी मला खरं सांगता आलं असतं. ठाणेदाराने मला विचारलं, काम काय करता? मी म्हणालो, टाइम ऑफिसात क्लार्क आहे, कामगारांची हजेरी ठेवतो. तो हसला. "फिर टाइम आपसे पक्का कौन बताएगा!" त्याने माझं सांगणं लिहून घेतलं. दादांनी माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही.

पुढे कितीतरी दिवस आम्ही दादांच्या व्हरांड्यात बसून लोकांचं सांगणं पारखत होतो. गिरणीवाल्याला मुलगा शाळेच्या कपड्यांत दिसला होता. पण त्या दिवशी शाळाच नव्हती. तळ्यावर कपडे धुणाऱ्या दोघींनी पाहिलेला मुलगा मागच्या गल्लीतला निघाला. त्याची आई त्याला बखोटीला धरून घेऊन आली, "हा पाहा तुमचा पोरगा! दिवसभर तळ्यावर मरत राह्यते." दुर्ग स्टेशनवर दिसलेला मुलगा वयाने मोठा होता. दादा प्रत्येकाला नीट विचारत. कपडे कोणते होते? तोंड पाहिलं की पाठ? तुम्ही कुठून कुठे चालला होता?

मला त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. उलट बाकीच्यांचं सांगणं ते माझ्या सांगण्याला लावून पाहत.

गल्लीमागे मुरूम काढून सोडलेल्या खदानी होत्या, पाण्याने भरलेल्या. कुणीतरी तिकडचं नाव काढलं, तर दादाच म्हणाले, "तिकडे कावून जाईन? जनरल सुटली तेव्हा तं तो बाजारात होता."

मी तिथेच बसलो होतो. सगळा शोध बाजार, बसस्टँड, रेल्वे असा फिरला. खदानींवर पोलीस गेले ते फार उशिरा, आणि काठाकाठाने पाहून परत आले. आधी गेले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. माहीत असतं तर निदान गुन्हा किती मोठा, ते तरी कळलं असतं.

वहिनी मात्र माझ्या शब्दावर जगल्या. दिवाळीचा फराळ घेऊन आल्या की विचारायच्या, "हसून राहिला होता नं, भाऊजी?" मी हो म्हणायचो. एका वर्षी बोलता बोलता मी त्याच्या हातात बोरं दिली. पुढच्या वर्षी त्याच म्हणाल्या, "बोरं खाऊन राहिला होता माझा लेक."

मग दादा रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. अमरावतीला घर बांधून तयार होतं, पण वहिनी हलायला तयार नव्हत्या. दादा माझ्याकडे आले.

"सारी नोकरी लोखंड वाकवलं बाबू, बायको नाही वाकत. म्हणते, पोरगा घराच्या वाटेवर होता, इथंच येईन. अमरावतीचं घर त्याले कोण दाखवन? तुझं ऐकते ते. तू समजाव."

मी गेलो. अर्धं सामान बांधलेलं होतं. वहिनी चहा ठेवायला उठल्या, मी त्यांना बसवलं.

"वहिनी, त्या दिवशी म्या त्याले पाह्यलंच नव्हतं. तुमची हालत पाहवली नाही, म्हणून बोललो."

दादा दारात उभे होते. ते खाली बसले.

वहिनी शिव्या देतील याची मी वाट पाहत होतो. त्यांनी दिल्या नाहीत. त्या एकेक आठवू लागल्या. "गिरणीवाल्याचं खोटं निघालं. तळ्यावरचा पोरगा दुसराच होता. स्टेशनवरचा मोठा होता." मग थांबल्या. "म्हणजे मंग मीच."

"काय, वहिनी?"

"शेवटी मीच पाह्यलं त्याले. मी तांदूळ निवडून राहिली होती. तो पदर ओढत होता. म्या म्हटलं, जाय तिकडं, डोकं नको खाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले वाटे, तुमाले दिसला तेव्हा तो हसला होता. माझं बोलणं विसरला असन."



त्याच आठवड्यात ट्रक आला. वहिनी कुणी न सांगता पुढे जाऊन बसल्या. दादांनी मागची साखळी लावली, दोनदा ओढून पाहिली, आणि माझ्याकडे न पाहता चढले.