गुलाबाईचा खाऊ, सिंधी कॅम्पात

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी नवी बाई होते. लग्न व्हायचं होतं, म्हणजे गावाच्या हिशेबी रिकामीच. म्हणून फाळणीनंतर आमच्याकडे येऊन वसलेले सिंधी निर्वासित आणि गावकरी यांचं 'मनोमीलन' घडवण्याचं काम सांस्कृतिक समितीने माझ्या गळ्यात मारलं. अध्यक्षांना मंच, तोरण आणि स्वतःचं भाषण हवं होतं. मी म्हटलं, त्यापेक्षा भादव्यात मुली मातीची गुलाबाई बसवतात, तिची गाणी दोन्हीकडच्या मुलींना एकत्र म्हणू द्या, रोज एकीच्या अंगणात. अध्यक्ष म्हणाले, "उत्तम. पण मी कुठे बोलायचं?" या माणसापुढे मी हात टेकले होते.

गाण्यांनंतर खाऊ ओळखायचा असतो. घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि मुली आवाजावरून, वासावरून नावं घेतात. ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा आमच्या गल्लीतला नियम. एक सिंधी मुलगी यात भलतीच पटाईत निघाली. इतरांनी टिपऱ्या खाली ठेवायच्या आत तिने अहिराणीत नाव घेतलेलं असे. लेक सगळ्यांच्या घरी खाऊन येते, तर एकदा आपल्याही घरचं सगळ्यांनी खावं, हा तिच्या आईने ध्यासच घेतला.

लगेच गल्लीतल्या आयांना अडचणी सुचू लागल्या. कॅम्प लांब आहे, वाटेत चिखल आहे. त्याच चिखलातून या बाया स्वस्त कापड आणायला जात, तेव्हा पाय भरत नसत. शेवटी माझी शेजारीण खरं काय ते बोलली, "बाई, त्यासना घर मासा शिजस." मी भांडले, घरोघर जाऊन भांडले. अखेर मुली पाठवायचं कबूल झालं आणि मला वाटलं, जिंकले.

त्या सिंधी मुलीच्या आईने कॅम्पातल्या खोलीपुढची जमीन सारवून ठेवली होती. गाणी झाली, अध्यक्षही बोलून मोकळे झाले. मग ती डबा घेऊन बाहेर आली. भाजलेले दाणे आणि गूळ, वास असा की लहान पोरानेही शेंगदाण्याचे लाडू म्हणून ओळखावं. आमच्याच घराघरांत होणारे लाडू. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "सोप्पा ठेवला है, बाई. बच्ची लोक अटकायला नको."

मुली नावं घेऊ लागल्या. पेरू. शेव. उकडलेले बटाटे. एकीने तर साबण म्हटलं. माझा पारा चढला. शेजारणीच्या मुलीला दंडाला धरून बाजूला घेतलं, तेव्हा ती कुजबुजली, "बाई, मायनी सांगेल शे. खावाले नही म्हननं वाईट दिखस, म्हनीसन वळखानंच नही."

एवढं डोकं त्या आयांनी चांगल्या कामाला कधी लावलं नव्हतं. घरच्या मुलीने ओळखायचं नसतं, म्हणून लेक उंबऱ्यावर गप्प बसली होती. आई पुन्हा पुन्हा डबा हलवत होती, हातांनी लाडू वळून दाखवत होती, आणि मुली खाली मान घालून पेरू, पेरू म्हणत होत्या. मग "उशीर व्हई ग्या" म्हणत सगळ्या निघाल्या. अध्यक्ष जाता जाता मला म्हणाले, कार्यक्रम फारच रंगला. मला त्यांचं तोरण त्यांच्याच गळ्यात आवळावंसं वाटलं.

अंगण रिकामं झालं. डबा कडेवर घेऊन ती बाई माझ्यापाशी आली. "बाई, बहोत कठीण झाला क्या?"

मी सगळं सांगून टाकणारच होते. एवढा खोटेपणा पाहिल्यावर निदान या बाईशी तरी खरं बोलावं, असं मला तळमळून वाटत होतं. तेवढ्यात लेक उठून माझ्याजवळ आली. आईला अहिराणी फारशी कळत नसे, म्हणून अहिराणीतच हळू म्हणाली, "बाई, तिले सांगू नका."

मी डब्याकडे पाहिलं. "हो," मी तिच्या आईला म्हटलं, "जरा कठीणच झालं."